फूट, गज आणि मीटर : मापाचा सांधा आणि कारागिराची मजुरी

वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, आर्वी, देवळी. जिल्ह्यातल्या कोणत्याही बाजारात तासभर उभे राहिले तर एकाच सौद्यात तीन-तीन मापे ऐकू येतात. गिऱ्हाईक खिडकी फुटात सांगते, वेल्डर पट्टी सुतात मागतो, लोखंडाचा व्यापारी पाइप मिलिमीटरमध्ये दाखवतो आणि बिल किलोवर करतो. कापडाच्या दुकानात थान मीटरचे असते, आजीबाई वाराने मागतात आणि जुने टेलर मास्तर अजून गज-गिरहात बोलतात. यात कोणी कोणाला फसवत नाही. तरीही काम संपल्यावर माल कमी पडतो, किंवा दुकानात तुकडे उरतात, आणि त्याची भरपाई शेवटी कारागिराच्या मजुरीतून होते. हे नुकसान एका मापातून दुसऱ्या मापात जाताना होते, म्हणून आज आपण तेवढीच एक गोष्ट नीट समजून घेऊ.

आपल्या देशात मापे-वजनांचा कायदा १९५६ साली झाला आणि १९५८ पासून दशमान मापे टप्प्याटप्प्याने बाजारात आली. सध्याचा वैध मापन कायदा २००९ चा असून तो १ एप्रिल २०११ पासून लागू आहे. त्यानुसार दर सांगणे, बिल फाडणे, जाहिरात करणे हे सर्व दशमान मापातच व्हावे लागते. पण कायदा कागदावर चालतो, हाताला मात्र फूट-इंचाचीच सवय आहे. ही सवय एकदम मोडा असे आम्ही म्हणणार नाही. ज्या उस्तादाने चाळीस वर्षे इंचावर कापड कापले त्याच्या हातातला टेप हिसकावून काय साधणार? फक्त एका मापातून दुसऱ्यात जाण्याचा रस्ता प्रत्येकाला पाठ असावा.

रस्ता लहान आहे. १ इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. १९५९ साली इंग्लंड-अमेरिकेसह काही देशांनी एकत्र येऊन हा आकडा नेमका ठरवला, त्यामुळे यात 'सुमारे' काही नाही. १२ इंचांचा फूट म्हणून ३०४.८ मिमी. तीन फुटांचा गज किंवा वार म्हणून ९१४.४ मिमी, म्हणजे ०.९१४४ मीटर. इंचाचे आठ सूत, एक सूत ३.१७५ मिमी. गजाचे सोळा गिरह, एक गिरह सव्वादोन इंच. उलट बाजूने एक मीटर म्हणजे ३९.३७ इंच किंवा ३.२८ फूट. एवढे आकडे दुकानाच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवले तरी पुरे.

गुणावे की भागावे, हा गोंधळ मात्र शिकलेल्यांचाही होतो. त्यावर साधी खूण आहे. मोठ्या मापाने मोजले की आकडा लहान येतो, लहान मापाने मोजले की आकडा मोठा येतो. मीटर गजापेक्षा मोठा, म्हणून तोच कपडा मीटरमध्ये मोजला की आकडा कमी आला पाहिजे. जास्त आला तर गुणाकाराच्या जागी भागाकार झाला असे समजावे.

वीस फुटी पाइप वीस फुटी नसतो

आता खऱ्या कामाकडे येऊ. ग्रिल आणि गेटचे काम करणारे बांधव चौकोनी पाइपला 'वीस फुटी' म्हणतात. पण कारखान्यातून तो साधारणपणे ६ मीटरचा येतो. वीस फूट म्हणजे ६०९६ मिमी, आणि पाइप ६००० मिमी. फरक ९६ मिमी, पावणेचार इंचांहून किंचित जास्त. एका पाइपमागे पावणेचार इंच ऐकायला किरकोळ वाटते.

समजा, एका गिऱ्हाइकाला कंपाउंडसाठी ५ फूट उंचीचे ४० उभे दांडे हवे आहेत. मनातल्या मनात हिशेब होतो, वीस फुटात चार तुकडे, चाळीस तुकड्यांना दहा पाइप. याच हिशेबावर कामाचा भाव ठरतो आणि बयाणाही घेतला जातो. प्रत्यक्षात ५ फूट म्हणजे १५२४ मिमी. तीन तुकडे कापले की ४५७२ मिमी गेले, उरले १४२८ मिमी, म्हणजे ४ फूट ८ इंचांहून थोडे अधिक. चौथा तुकडा निघतच नाही. एका पाइपला तीनच तुकडे म्हटल्यावर चाळिसांना चौदा पाइप लागतात. दहाचे चौदा झाले, आणि वरच्या चार पाइपांचे पैसे गिऱ्हाईक देत नाही, कारण भाव ठरून गेलेला असतो. उरलेले पावणेपाच फुटांचे तुकडे पुढे कुठे तरी लागतील म्हणून कोपऱ्यात उभे राहतात, आणि वर्षभराने भंगारात जातात.

यावर उपाय भाव करण्यापूर्वीच आहे. गिऱ्हाइकाला विचारावे की उंची ४ फूट १० इंच चालेल का? ४ फूट १० इंच म्हणजे १४७३.२ मिमी, चार तुकड्यांना ५८९२.८ मिमी. पाइपमध्ये १०७ मिमी शिल्लक राहते, त्यात कटरच्या चकतीने खाल्लेली जागाही भागते. आणि ४ फूट ११ इंच? १४९८.६ गुणिले ४ म्हणजे ५९९४.४ मिमी. कागदावर बसते, शिल्लक साडेपाच मिमी. पण चकतीची जाडी सुमारे ३ मिमी धरली तर तीन कापांना ९ मिमी लागतात, तेव्हा शेवटचा दांडा आखूडच येणार. कापाची जागा हिशेबात धरणे हे आमच्या मते मिलिमीटरमध्येच नीट जमते. फूट-इंचात लिहिणारा ती विसरतोच.

प्रत्येक कामात असेच नुकसान होते असे नाही. साडेतीन फुटांचे तुकडे असतील तर वीस फुटातूनही पाचच निघतात आणि सहा मीटरमधूनही पाचच. पण ४ फुटांचे तुकडे वीस फुटात पाच बसतात, सहा मीटरमध्ये चारच. म्हणून अंदाजाने न जाता प्रत्येक कामाला एकदा कागदावर मांडावे.

सळाखीचे तेच. 'चाळीस फुटी' सळाख १२ मीटरची असते, म्हणजे ३९ फूट साडेचार इंचांच्या जरा आतच. तिथे दुसरी गफलत जाडीची होते. तीन सुती म्हणजे १० मिमी, चार सुती म्हणजे १२, पाच सुती म्हणजे १६, सहा सुती म्हणजे २० असे बाजारात बोलले जाते. पण चार सूत हे खरे तर १२.७ मिमी. सळाखीचे वजन काढायची रीत गवंडी-सेंटरिंगवाल्यांना माहीत असतेच : मिलिमीटरमधल्या जाडीचा वर्ग भागिले १६२, म्हणजे एका मीटरचे किलो. १२ मिमीला १४४ भागिले १६२, अर्थात ०.८८९ किलो. १२ मीटरची सळाख १०.६७ किलोची. हाच हिशेब १२.७ धरून केला तर ११.९५ किलो येतो. एका सळाखीमागे सव्वा किलोहून अधिक, पन्नास सळाखींना ६४ किलो. हातात माल १२ मिमीचा येणार असेल तर इस्टिमेटमध्येही १२ च लिहावे. 'चार सुती' हे नाव आहे, माप नाही.

पाच-सहा आणि पाच फूट सहा

आमच्या पाहण्यात सर्वांत जास्त आढळणारी चूक मात्र फूट आणि मीटरच्या मधली नाही, फूट आणि इंचाच्या मधली आहे. ५ फूट ६ इंच हे वहीत ५.६ असे लिहिले जाते आणि तेच कॅल्क्युलेटरवर दाबले जाते. कॅल्क्युलेटरला इंच कळत नाहीत. त्याच्या लेखी ५.६ म्हणजे पाच फूट आणि एका फुटाचे सहा दशांश, अर्थात ५ फूट ७.२ इंच. बरोबर आकडा ५.५ आहे, कारण सहा इंच हे बाराचे अर्धे.

कोणी म्हणेल, यात कारागिराचा फायदाच होतो. नेहमी होत नाही. फरशी बसवणाऱ्याने खोली मोजली, १० फूट १० इंच बाय १२ फूट ११ इंच. वहीत लिहिले १०.१० आणि १२.११. गुणाकार आला १२२.३१ चौरस फूट. खरे क्षेत्र १०.८३३ गुणिले १२.९१७, म्हणजे १३९.९३ चौरस फूट. साडेसतरा फुटांहून जास्त जागेचे काम केले आणि मजुरी मिळाली नाही. समजा दर वीस रुपये फूट असेल तर एका खोलीत साडेतीनशे रुपये गेले. चार खोल्यांच्या घरात दोन दिवसांची रोजी अशी निघून जाऊ शकते, आणि कोणी नेली ते कळतही नाही.

म्हणून इंचांना आधी बाराने भागावे आणि मगच पुढे लिहावे. ३ इंच .२५, ६ इंच .५०, ९ इंच .७५ हे सर्वांना येते. बाकीचे असे : १ इंच .०८, २ इंच .१७, ४ इंच .३३, ५ इंच .४२, ७ इंच .५८, ८ इंच .६७, १० इंच .८३, ११ इंच .९२. हे कागदावर लिहून टेपच्या डबीला चिकटवावे.

त्याच खोलीची फरशी मागवताना पुन्हा सांधा येतो. 'दोन बाय दोन' म्हणून मिळणारी टाइल ६०० बाय ६०० मिमीची असते, ६०९.६ ची नव्हे. चार टाइलांचे खोके १६ चौरस फुटांचे वाटते, पण ते १.४४ चौरस मीटरचे, म्हणजे साडेपंधरा चौरस फुटांचे असते. १३९.९३ ला १६ ने भागले तर ८.७५, म्हणून नऊ खोकी मागवली जातात. साडेपंधराने भागले तर ९.०३ येते, दहावे खोके लागतेच. तुटफूट वेगळी. आणि नंतर आणलेले खोके त्याच रंगछटेचे मिळेल याची हमी कोण देणार?

वार, गज आणि थान

कापडाच्या धंद्यात दोन सोपी समीकरणे कामी येतात. १२ वार म्हणजे सुमारे ११ मीटर, यात पावणेतीन सेंटिमीटरचा फरक राहतो. ३५ वार म्हणजे ३२ मीटर, यात फरक फक्त ४ मिमीचा. मोठ्या ऑर्डरला दुसरे वापरावे.

समजा, शाळेच्या गणवेशाचे ६० शर्ट शिवायचे आहेत. मास्तरांनी सांगितले, एकाला पावणेदोन गज. ६० गुणिले १.७५ म्हणजे १०५ गज. शागीर्द दुकानात जाऊन १०५ मीटर घेऊन आला. हिशेबाने १०५ गज म्हणजे तीन वेळा ३५, म्हणून तीन वेळा ३२, ९६ मीटर. नऊ मीटर कापड जादा आले, तेही शाळेच्या रंगाचे, जे दुसऱ्या कोणाला विकता येत नाही. उलट घडले, म्हणजे माप मीटरचे आणि खरेदी गजाची झाली, तर पाच शर्टांचे कापड कमी पडते आणि नेमकी शाळा उघडायच्या आदल्या दिवशी ते कळते.

दराचेही लक्षात ठेवावे. ११० रुपये मीटरचे कापड वाराने १०० रुपये ५८ पैसे पडते. लांबी बदलताना ज्या आकड्याने गुणतो त्याच आकड्याने दरालाही गुणून चालत नाही का, असे आम्हाला विचारले जाते. नाही. वाराची लांबी मीटरमध्ये आणताना ०.९१४४ ने गुणतो. मीटरचा दर वारावर आणतानाही ०.९१४४ ने गुणतो. लांबी एका बाजूला जाते, दर दुसऱ्या बाजूला. वार लहान, म्हणून त्याची किंमतही कमी, एवढे ध्यानात ठेवले की चूक होत नाही.

जाता जाता साडीचे सांगतो. नऊवारी म्हणजे ८.२३ मीटर. पाचवारी म्हणजे ४.५७ मीटर व्हायला हवी, पण त्या नावाने आज बहुधा साडेपाच मीटरची साडी मिळते, जी खरे तर सहा वारांची आहे. नाव राहिले, माप बदलले.

शिंप्याच्या टेपच्या एका बाजूला ६० इंच आणि दुसऱ्या बाजूला १५० सेंटिमीटर असतात. दोन्ही टोके एकच असे धरू नये, ६० इंच १५२.४ सेंटिमीटर भरतात. एका बाजूने माप घेऊन दुसऱ्या बाजूने कापणे सर्वांत धोक्याचे. शिवाय कापडी टेप वापरून ताणला जातो. महिन्यातून एकदा स्टीलच्या पट्टीशी लावून पाहावा.

गादी आणि दिवाण यांच्यातही हीच तक्रार ऐकू येते. सुताराने '६ फूट म्हणजे १.८ मीटर' असे धरून दिवाण बांधला, पिंजाऱ्याने गादी ७२ इंचांची भरली. १.८ मीटर म्हणजे ७०.८७ इंच. गादी एक इंचाहून जास्त लांब झाली आणि पायथ्याशी वळली. दोघेही आपापल्या जागी खरे, आणि गिऱ्हाईक दोघांवर नाराज.

चरख्याच्या गावचा हिशेब

मापाचे हे गणित हस्तव्यवसायातून शिकवावे, हा विचार आपल्याच वर्ध्यात मांडला गेला, हे नव्या पिढीतल्या पुष्कळांना ठाऊक नसते. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते जामिया मिलियाचे डॉ. झाकीर हुसेन, जे पुढे १९६७ साली देशाचे राष्ट्रपती झाले. मुलाने टकळीवर सूत काढावे आणि ते मोजता मोजता गणित शिकावे, अशी या योजनेची दिशा होती.

त्या काळी चरख्याच्या सुताचे माप असे होते : ४ फुटांचा एक तार, १६० तारांची लट, चार लटींची गुंडी. म्हणजे ६४० तार, २५६० फूट. मीटरमध्ये सुमारे ७८०. आज खादीची गुंडी १००० मीटरची धरतात. समजा जुन्या गुंडीला १० रुपये मजुरी असेल, तर तेवढ्याच कष्टाला नव्या गुंडीचा दर १२ रुपये ८२ पैसे पडायला हवा. गुंडीचे नाव तेच ठेवून दर दहाच राहिला, तर कातणाऱ्याची मजुरी पाचव्या हिश्श्याहून जास्त घटली. नगावर काम करणाऱ्या प्रत्येकाने, मग तो विडी-बांगडीतला असो की शिवणकामातला, माप बदलताना हा प्रश्न मालकाला विचारावा.

लांबीचा आकडा क्षेत्राला लावू नये

लांबी बदलायला ३.२८ लागते, म्हणून क्षेत्रालाही तेच लावणारे भेटतात. चौरस मीटरला लांबीही बदलते आणि रुंदीही, म्हणून ३.२८ दोनदा लागते : १ चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट. घनाला तीनदा : १ घनमीटर म्हणजे ३५.३१ घनफूट. ३० बाय ५० चा प्लॉट १५०० चौरस फूट, म्हणजे १३९.३५ चौरस मीटर. कोणी ४५७ सांगत असेल तर त्याने एकदाच भागले आहे. सातबाऱ्यावर जमीन हेक्टर-आरमध्ये असते. एक आर १०० चौरस मीटरचा, म्हणजे १०७६ चौरस फूट. गुंठा ३३ बाय ३३ फुटांचा, १०८९ चौरस फूट. आर आणि गुंठा एकच समजून व्यवहार केला तर प्रत्येकामागे १३ चौरस फुटांच्या आसपास फरक पडतो.

रेती-गिट्टीचा ब्रास १०० घनफुटांचा, म्हणजे २.८३ घनमीटर. ट्रॉली आतून मोजावी, बाहेरून नव्हे. १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि १८ इंच उंच ट्रॉली भरून आली तर १० गुणिले ६ गुणिले १.५ म्हणजे ९० घनफूट, ब्रासला दहा फूट कमी. माप पुरे देण्याची ताकीद आपल्याला लहानपणापासून आहे. देणाऱ्याने ती पाळावी, आणि घेणाऱ्यानेही टेप लावायला संकोच करू नये.

शेवटी वहीबद्दल. गिऱ्हाईक कोणत्याही मापात सांगो, ते जसेच्या तसे डाव्या बाजूला लिहावे, उजव्या बाजूला मिलिमीटर किंवा मीटरमध्ये बदलून लिहावे, आणि पुढचा सर्व हिशेब उजव्या बाजूनेच करावा. अधूनमधून पुन्हा फुटावर येऊ नये. आकडा गोल करायचा तो अगदी शेवटी, आणि माल घेताना नेहमी वरच्या बाजूला.

घरी सोडवून पाहण्यासाठी चार उदाहरणे देत आहोत. मुलांकडूनही सोडवून घ्यावीत.

पहिले : २५ कुडते, एकाला पावणेतीन गज, किती मीटर कापड घ्यावे? दुसरे : सहा मीटरच्या पाइपातून ३ फूट ३ इंचांचे ३० तुकडे, प्रत्येक कापाला ३ मिमी, किती पाइप लागतील? तिसरे : खोली ९ फूट ८ इंच बाय ११ फूट ४ इंच, ६०० मिमीच्या चार टाइलांची किती खोकी? चौथे : ट्रॉली आतून ९ फूट, ५ फूट ६ इंच, १ फूट ८ इंच, किती ब्रास?

उत्तरे : ६८.७५ गज म्हणजे ६२.८७ मीटर, म्हणून ६३ मीटर. तुकडा ९९०.६ मिमी, सहा तुकडे व पाच काप मिळून ५९५८.६ मिमी, म्हणून ५ पाइप. १०९.५६ चौरस फूट, भागिले १५.५ म्हणजे ७.०७, म्हणून ८ खोकी. ८२.५ घनफूट, म्हणजे ०.८२५ ब्रास किंवा २.३४ घनमीटर.